करंगळीला घाम येत नव्हता: एक प्रकरण अभ्यास

नाव, गाव आणि ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. तपासणी आणि उपचाराचा क्रम तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागे खानावळ आहे. तिथे दोन्ही वेळेला ज्वारीच्या भाकरी थापणाऱ्या एक ताई आमच्याकडे आल्या. त्यांना इथे सुमनताई म्हणू. वय चाळिशीच्या आतलं. घरी नवरा, सासू आणि दोन मुलं. नवऱ्याची मजुरी हंगामी, त्यामुळे महिन्याचा खात्रीचा पैसा यायचा तो भाकरीचाच.

त्या आल्या होत्या भाजलेल्या हाताला मलमपट्टी करून घ्यायला. उजव्या हाताच्या करंगळीच्या बाहेरच्या कडेला दोन फोड फुटलेले होते. शेजारी आधीच्या भाजण्याचा काळपट डाग होता.

"तवा लागला असन," त्या म्हणाल्या.

"कधी लागला, ताई?"

"मालूमच नाही पडलं, डॉक्टरसाहेब. रात्री भांडे घासताना पाह्यलं तं फोड."

तव्याचा चटका बसला की माणूस हात झटकतो, बोट तोंडात घालतो, दोन शिव्या देतो. कधी भाजलं हे सांगता येत नसेल तर मलमपट्टी दुय्यम ठरते.

अडचण काय होती

पिशवीतून जुने कागद निघाले तेव्हा तीन वेगवेगळ्या तक्रारी तीन वेगवेगळ्या ठिकाणी हिंडून आल्याचं दिसलं.

पहिली तक्रार उजव्या दंडाखाली, कोपराच्या पुढे असलेल्या चट्ट्याची. दीड वर्षापूर्वी नाण्याएवढा होता, आता तळहाताएवढा झाला होता. रंग आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट, कड किंचित लालसर आणि उचललेली, मधे लव नाही. खाज कधीच नव्हती. त्यावर गजकर्णाची मलमं झाली होती. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी, बुरशीचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूबही झाली होती. तिने कडेची लाली उतरली आणि घरच्यांना वाटलं, औषध लागू पडलं. पुढे एका दवाखान्यात कुष्ठरोगाची शंका आली. तिथे कापूस लावून पाहिला. ताईंना बऱ्याच ठिकाणी तो कळला. कागदावर 'संवेदना आहे, कुष्ठ नाही' असं लिहून विषय मिटला.

दुसरी तक्रार सहा महिन्यांपासूनची, तळहाताला पडणाऱ्या भेगांची. भांड्याच्या साबणाची ॲलर्जी म्हणून रबरी हातमोजे आणि क्रीम दिलेलं होतं.

तिसरी तक्रार भाजण्याची. तिच्यावर उपाय एकच सांगितला गेला होता: सांभाळून काम करा.

शरीररचनेतला दुवा

या तिन्ही तक्रारी एकाच मज्जेच्या, म्हणजे नसेच्या, वाटेवर होत्या. ते कळायला तळहाताच्या कातडीत काय असतं आणि काय नसतं हे पाहावं लागतं.

अंगावर बहुतेक सगळीकडे केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते आणि तिच्या स्निग्ध स्रावाने कातडी मऊ राहते. तळहाताला आणि तळपायाला केस नाहीत आणि तेलग्रंथीही नाहीत. तिथली कातडी लवचीक राहते ती घामावर. माणसाच्या अंगावर घामग्रंथी साधारण वीस ते चाळीस लाख असतात आणि त्यांची सर्वांत दाट वस्ती याच दोन जागी आहे. त्यामुळे पाठीवरचा घाम थांबला तर फारसं कळत नाही, पण तळहाताचा थांबला की दुसरं काहीच उरत नाही. कातडी कडक होते, घड्यांवर फुटते, आणि त्या भेगेतून जंतू आत शिरतो.

आता संवेदनेचं पाहू. बोटांच्या टोकाशी रेघांच्या अगदी खाली मेस्नरचे कण असतात. वस्तू हातातून निसटू लागली की पहिली खबर त्यांची. मर्केलच्या तबकड्यांमुळे कड आणि खरखरीतपणा कळतो. रफिनीची टोकं कातडीचा ताण ओळखतात आणि खोलवर बसलेले पॅसिनीचे कण कंपन. ही सगळी मंडळी आपली खबर मायलिनचं जाड वेष्टन असलेल्या तंतूंवरून पाठवतात. ऊब, गारवा आणि दुखणं यांना असं काही खास इंद्रिय नाही. मज्जातंतूंची उघडी टोकंच ते काम करतात आणि त्यांचे तंतू बारीक असतात, पातळ वेष्टनाचे किंवा वेष्टन नसलेले. साधारण 43 अंश सेल्सिअसला उघडणारी टीआरपीव्ही-1 ही प्रथिनाची खिडकी याच टोकांवर असते. 2021 चं वैद्यकाचं नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशा खिडक्यांच्या शोधासाठीच मिळालं.

आमच्या प्रकरणात कामाला आली ती गोष्ट अशी: घामग्रंथीला हुकूम पोचवणारे तंतूही याच बारीक जातीचे, वेष्टन नसलेले असतात. म्हणजे घाम, ऊब आणि चटका यांची ने-आण एकाच तऱ्हेच्या तंतूंवर चालते, आणि कापसाच्या स्पर्शाची दुसऱ्या.

कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंभोवतीच्या श्वान (Schwann) पेशींमध्ये घर करतो आणि शरीराच्या गाभ्यापेक्षा थंड जागा त्याला मानवतात: कोपरामागून कातडीलगत जाणारी अल्नर मज्जा, गुडघ्याच्या बाहेरची, चेहऱ्याची. चट्ट्यात बहुधा आधी गरम-थंड जातं, मग हलका स्पर्श, मग दुखणं, आणि दाब सर्वांत शेवटी. कापूस कळतो म्हणून कुष्ठ नाही, हा निष्कर्ष त्यामुळे घाईचा ठरतो.

पहिला निर्णय: कापसावर थांबायचं की पुढे जायचं

आम्हीही कापसानेच सुरुवात केली. डोळे मिटून जिथे लागेल तिथे बोट ठेवायला सांगितलं. चट्ट्यात दहापैकी सहा-सात वेळा त्यांनी बरोबर दाखवलं. एवढ्यावर थांबलो असतो तर जुन्याच कागदावर नवी सही झाली असती.

मग दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत नळाचं गार पाणी, दुसरीत हाताला सोसेल इतपत कोमट. डाव्या हातावर त्यांनी दोन्ही लगेच ओळखल्या. चट्ट्यावर मात्र दोन्ही वेळा 'काच लागते' एवढंच उत्तर आलं. करंगळीवरही तेच.

घाम पाहण्यासाठी आयोडीन आणि स्टार्चची चाचणी आहे. आयोडीन लावून वाळवायचं, वर स्टार्चची पूड भुरभुरायची, घाम आला की जांभळे-काळे ठिपके उमटतात. आमच्याकडे त्या दिवशी त्यातलं काहीच हाताशी नव्हतं. पण तळहाताच्या घामग्रंथींना उन्हापेक्षा मनावरच्या ताणाची ओढ जास्त असते. परीक्षेच्या हॉलमध्ये पेन निसटतं ते त्यामुळेच. आमच्या कुष्ठरोग तंत्रज्ञांनी ताईंचा तळहात कोरडा पुसून टेबलावर उताणा ठेवला, बाजूने तिरकी बॅटरी मारली आणि भिंग धरलं. मग विचारलं, "ताई, खानावळीची उधारी कोणाकोणाकडे किती आहे, तोंडी बेरीज करून सांगा बरं. चुकायचं नाही."

ताई गोंधळल्या, मग चिडल्या आणि हिशेबाला लागल्या. दोन-तीन मिनिटांत अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या रेघांवर बारीक चमकते थेंब दिसू लागले, रेघेच्या माथ्यावर ओळीने. करंगळी कोरडी ठणठणीत. अनामिकेवर तर सीमारेषाच उमटली होती: अंगठ्याकडचा अर्धा भाग ओलसर, करंगळीकडचा अर्धा मातकट. अल्नर मज्जेचा इलाका पुस्तकात असाच, अनामिकेला उभं चिरून दाखवलेला असतो.

ताईंनी ते भिंगातून स्वतः पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग बराबर. पीठ इकडून ओलं होते अन् इकडून कोरडंच राह्यते. मी म्हणो, पीठच तसं असन."

त्यांच्या हातावर स्टार्चची चाचणी रोज दोनदा होत होती. तिच्याबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

दुसरं काय असू शकलं असतं

कोणताही निदानाचा शब्द उच्चारण्याआधी इतर शक्यता तपासल्या. साबणाची किंवा पिठाची ॲलर्जी असती तर खाज असती, दोन्ही हातांना असती आणि ती अनामिकेच्या मधोमध येऊन थांबली नसती. मधुमेहाची बधिरता बहुतेक वेळा दोन्ही पायांच्या बोटांपासून वर चढते. तरीही साखर पाहिली. उपाशीपोटी ती थोडी वर होती, मधुमेह म्हणण्याइतकी नाही. मानेच्या मणक्यात मज्जा दाबली गेली तर बोटं बधिर होतात, पण चट्टा येत नाही. कोपरावर भार देऊन बसण्याने अल्नर मज्जा दबते, तिथेही चट्टा नसतो. कोड पांढरं असतं, पण त्यात घाम आणि संवेदना दोन्ही शाबूत असतात.

कोपरामागे हाडाच्या खोबणीत बोट फिरवलं तेव्हा उजवी अल्नर मज्जा डाव्या बाजूच्या मानाने जाड दोरीसारखी लागली आणि दाबताच ताई कळवळल्या. त्या भागात गेले दोन-अडीच महिने 'करंट' येत होता, हे तेव्हा बोलण्यात आलं. करंगळी बाहेर ताणून धरायला सांगितली तर प्रतिकार कमी पडत होता. हात सैल सोडला की ती इतर बोटांपासून थोडी फटकून राहत होती. भाजण्याचं कारण तिथे सापडलं. भाकर तव्यावर टाकताना बाकीची बोटं जवळ येत आणि करंगळी बाहेर राहून तव्याच्या काठाला टेकत असे. ती बाहेर आहे हे कळत नव्हतं, आणि टेकली तरी भाजतंय हेही कळत नव्हतं.

सगळं अंग तपासायला ताई तयार नव्हत्या. परिचारिकेसोबत आतल्या खोलीत, दार लावून, वेळ देऊन तपासलं. पाठीवर दोन आणि मांडीवर एक असे आणखी तीन चट्टे निघाले, त्यांना माहीतही नसलेले. डाव्या गुडघ्याच्या बाहेरची मज्जाही जाड होती, पण पाऊल वर उचलण्याची ताकद चांगली होती.

दुसरा निर्णय: पुरावा किती गोळा करायचा

बायोप्सी, कातडीच्या द्रवाची तपासणी आणि मज्जेच्या वहनवेगाची चाचणी असे तीन पर्याय समोर होते. वहनवेगासाठी नागपूरला जावं लागलं असतं. शिवाय ती चाचणी जाड, वेगवान तंतू मोजते आणि बारीक तंतूंबद्दल तिला काही सांगता येत नाही. म्हणजे ताईंचं जे सर्वांत आधी गेलं होतं तेच तिच्यात दिसलं नसतं. संवेदना गेलेला चट्टा आणि जाड झालेली मज्जा या दोन्ही गोष्टी हाताशी असताना निदान पक्कं होतं. द्रवाची तपासणी स्थानिक पातळीवर केली, जंतू दिसले नाहीत. बायोप्सी केली नाही.

वर्गीकरणाला मात्र थोडा विचार लागला. चट्टे चार, म्हणजे मोजदादीने अल्पजंतू प्रकार आणि सहा महिन्यांचा कोर्स. पण मज्जा दोन बाधित. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या निकषांत एकापेक्षा जास्त मज्जा बाधित असेल तर रुग्ण बहुजंतू गटात जातो, कोर्स बारा महिन्यांचा होतो. गुडघ्याला हात लावला नसता तर औषध निम्म्यावर थांबलं असतं.

तिसरा निर्णय: स्टेरॉइड कधी

बहुविध औषधोपचार जंतू मारतो. मज्जेत पेटलेली आग त्याने विझत नाही. कोपराची दुखरी मज्जा आणि अलीकडे आलेला अशक्तपणा म्हणजे मज्जादाह होता, आणि त्याला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागतं. कार्यक्षमता जाऊन सहा महिने उलटायच्या आत ते सुरू झालं तर परत मिळण्याची आशा बरी असते. अशक्तपणा अडीच महिन्यांचा, बधिरता कदाचित जास्त जुनी. म्हणजे वेळ होता, पण ऐसपैस नव्हता.

आडवी येत होती काठावरची साखर, आणि साडेनऊचं हिमोग्लोबिन. कुष्ठाच्या कोर्समधलं डॅप्सोन लाल पेशी फोडतं, त्यामुळे हिमोग्लोबिन आणखी उतरण्याची भीती. आधी रक्त वाढवून मग औषधं, असा एक विचार झाला. तो आम्ही सोडला, कारण त्यात मज्जेचा महिना-दीड महिना गेला असता. जंताचं औषध दिलं, लोहाच्या गोळ्या लगेच चालू केल्या, रक्तदाब पाहिला आणि दोन दिवसांत प्रेडनिसोलोन 40 मिलिग्रॅमवर सुरू केलं, पाच महिन्यांत पायरीपायरीने उतरवण्याच्या बेताने. त्याच दिवशी रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोनचं पहिलं पाकीट समोर बसवून दिलं. साखर दर पंधरवड्याला.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवल्या. रिफॅम्पिसिनच्या दिवशी लघवी लाल होईल, ते रक्त नव्हे. क्लोफाझिमिनने कातडी काळसर-तांबूस होईल आणि आणखी कोरडी पडेल, औषध संपल्यावर हळूहळू ओसरेल. दुसरी गोष्ट आम्हालाही लक्षात ठेवायची होती: यापुढे अंग कोरडं दिसलं तर ते मज्जेमुळे की गोळीमुळे, हे डोळ्यांनी सांगणं अवघड जाणार होतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात दोन्ही हातांची सुरकुत्यांची चाचणी करून फोटो काढून ठेवले. बोटं अर्धा तास कोमट पाण्यात ठेवली की टोकं सुरकुततात. कातडी नुसती पाण्याने फुगते म्हणून हे होतं असा समज असतो. प्रत्यक्षात त्यामागे अनुकंपी, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय काम करणाऱ्या, मज्जांनी आकसवलेल्या रक्तवाहिन्या असतात. मज्जा गेली की बोट गुळगुळीत राहतं. ताईंची चार बोटं मनुक्यासारखी सुरकुतली आणि करंगळी तशीच राहिली. अशा हातासाठी पाण्याची ऊब मात्र दुसऱ्याने किंवा चांगल्या हाताने पाहायची, हे तंत्रज्ञांनी त्यांना तिथेच शिकवलं.

चौथा निर्णय: भाकरी

सर्वांत जास्त वेळ यावर गेला.

एक मत असं होतं की चुलीपुढचं काम बंद करावं. बधिर हात आणि तवा एकत्र नांदू शकत नाहीत. ताईंचं उत्तर सरळ होतं: "हात वाचला अन् पगार गेला, तं घर कसं चालन?" नुसतं जपून करा म्हणण्यात अर्थ नव्हता. जपायला आधी कळावं लागतं.

मग काम पायरीपायरीने पाहिलं. पीठ मळण्यात धोका नाही. थापण्यात नाही, उलट हात हलता राहतो. धोका होता तो भाकर तव्यावर सोडताना, ती उलटताना आणि तव्यावरून काढून जाळावर धरताना. भाकर टाकायचं काम डाव्या हाताकडे दिलं. उलटायला लांब दांड्याचा सराटा, शेकायला चिमटा. बोटांनी भाकर फिरवायची सवय वीस वर्षांची होती, ती मोडायला पंधरा दिवस गेले आणि तेवढे दिवस भाकरी वेड्यावाकड्या झाल्या. करंगळी अनामिकेला मऊ पट्टीने बांधून ठेवायची म्हणजे ती फटकून राहणार नाही. रात्री कोपर अर्धवट वाकलेलं राहील अशी आधारपट्टी. दिवस संपला की चांगल्या दिव्याखाली दोन्ही हात डोळ्यांनी तपासायचे.

भेगांसाठी महागडं क्रीम बंद केलं. साध्या पाण्यात वीस मिनिटं हात बुडवायचा, कडक कातडी खडबडीत कापडाने हळू घासायची आणि ओल्या हातावरच तेल किंवा व्हॅसलीन चोळायचं. घाम जे पाणी देत होता ते आता भांड्यातून द्यायचं आणि वरून झाकण घालायचं, एवढाच त्यातला विचार. ताईंच्या घरात जवसाचं तेल होतं, तेच चाललं.

खानावळीच्या मालकाला सांगायचं का, हा प्रश्न आमच्यातल्याच एकाने काढला. हा आजार अन्नातून पसरत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, जवळच्या सहवासात श्वासावाटे पसरतो असं मानलं जातं, आणि औषधं सुरू झाली की लवकरच तो धोका संपतो. मालकाला सांगण्याचं वैद्यकीय कारण नव्हतं आणि ताईंची परवानगीही नव्हती. 'कोपराच्या नसेला सूज आहे' असं प्रमाणपत्र दिलं. त्यात खोटं काही नव्हतं.

पाचवा निर्णय: घर

"घरी नका सांगू. सासूले तं बिलकुलच नका सांगू." हे त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. पण घरच्यांची तपासणी करायची आणि निरोगी सहवासितांना रिफॅम्पिसिनचा एक डोस द्यायचा, तर कारण सांगावं लागतं. रुग्णाच्या संमतीशिवाय ते करता येत नाही.

घाई केली नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण आता कायद्यात राहिलेलं नाही, 2019 च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं, हे ताईंना सांगितलं. त्यांना ते नवीन होतं आणि त्या बराच वेळ त्याच्याबद्दलच विचारत राहिल्या. तिसऱ्या भेटीला नवऱ्याला घेऊन आल्या आणि त्याला आमच्यासमोर स्वतःच सांगितलं. तो गप्प बसला, मग एवढंच विचारलं की पोरांना होईल का.

सासूबाईंसाठी गावच्या आशा कार्यकर्त्या ताईंनी मार्ग काढला. एकट्या घरात जाण्याऐवजी सगळ्या गल्लीची कातडीची तपासणी ठेवली. औषध कशासाठी हे प्रत्येकाला सांगितलं, कोणामुळे हे कोणालाही नाही. सासूबाईंनी गोळी घेतली आणि शेजारणीलाही घ्यायला लावली.

धाकट्या मुलाच्या गालावर पांढुरके डाग निघाले, ज्यांना घरोघरी जंताचे डाग म्हणतात. ताईंचा धीर सुटला. चेहऱ्यावर संवेदना तपासणं फसवं असतं. तिथे मज्जांचं जाळं इतकं दाट आहे की चट्टा असूनही स्पर्श कळतो, आणि आठ वर्षांचं पोर उत्तरं अंदाजाने देतं. तंत्रज्ञांनी त्याला दुपारी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. परत आला तेव्हा डागांवरही बाकीच्या गालाइतकेच घामाचे थेंब होते. मज्जा जाड नव्हती. डाग साधे ठरले, तरी तीन महिन्यांनी पुन्हा पाहिले. तोवर ते विरले होते.

काय झालं

पहिल्या महिन्यात कोपराचं दुखणं गेलं. तिसऱ्या महिन्यात करंगळीची ताकद वाढलेली स्पष्ट दिसली. मग प्रेडनिसोलोन 10 मिलिग्रॅमवर उतरल्यावर कोपर पुन्हा दुखू लागलं. तक्रार आठवडाभरातच आली, कारण 'करंट आला तर तारखेची वाट पाहू नका' हे वाक्य त्यांच्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. डोस परत वाढवला आणि एकूण काळ सहा महिन्यांच्या पुढे गेला. वजन वाढलं, चेहरा सुजला, साखर काठावरच राहिली. हिमोग्लोबिन उतरलं नाही.

वर्षअखेरीचं चित्र संमिश्र आहे. स्नायूंची ताकद जवळपास पूर्ण आली. स्पर्श मोजायचे नायलॉनचे धागे असतात. सुरुवातीला करंगळीला चार ग्रॅमचा लाल धागा कळे, दोन ग्रॅमचा जांभळा नाही. आता जांभळा कळतो, पण निरोगी हाताला कळणारा 0.2 ग्रॅमचा निळा अजून नाही. गरम-थंड करंगळीच्या बुडाशी थोडं परतलं, टोकाशी नाही. सुरकुत्या पडत नाहीत. चट्टे सपाट झाले, पण दंडाखालचा अजून कोरडाच आहे आणि बहुधा राहील, कारण तिथली मज्जेची टोकं आणि ग्रंथीच नष्ट झाल्या आहेत.

भाजण्याचा एकच प्रसंग नंतर घडला, तोही खानावळीत नव्हे. थंडीत घरच्या शेकोटीपुढे हात शेकताना. कामाच्या जागेचा इतका विचार झाला आणि शेकोटी कोणाच्या ध्यानात आली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

दीड वर्ष गेलं ते निदानाआधी. कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवण्याचं उद्दिष्ट भारताने डिसेंबर 2005 मध्ये गाठलं. त्याचा अर्थ होता दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. लोकांनी आणि बऱ्याच डॉक्टरांनी तो 'रोग संपला' असा घेतला. कुष्ठरुग्णांसाठी उभ्या राहिलेल्या दत्तपूर आणि आनंदवन या संस्था ज्या विदर्भात आहेत तिथेही चट्टा पाहिल्यावर आधी बुरशी आठवते. न खाजणाऱ्या चट्ट्यावर स्टेरॉइडमिश्रित ट्यूब लावण्याआधी कोपरामागे एकदा बोट फिरवलं असतं तर चित्र वेगळं असतं. त्याला अर्धं मिनिट लागतं.

दुसरी बाब आमच्या तक्त्याची. मज्जेच्या कार्याची नोंद करायच्या कागदावर स्पर्श आणि स्नायूंची ताकद यांना रकाने आहेत. घामाला नाही, गरम-थंडाला नाही. जे आधी जातं त्यालाच रकाना नाही. आम्ही आता समासात हाताने 'कोरडं / ओलसर' असं लिहितो आणि दोन्ही तळहातांची तुलना करतो. भिंग आणि बॅटरी टेबलावरच असते. आयोडीन-स्टार्चही आणून ठेवलं आहे, पण तोंडी हिशेबाने बहुतेक वेळा भागतं.

तिसरी बाब वादाची आहे. सुरुवातीचा स्टेरॉइडचा डोस इतक्या सावकाश उतरवूनही मज्जादाह उलटला. आमच्यातल्या एकाचं मत आहे की कोपराची सोनोग्राफी करून मज्जेची सूज मोजली असती तर 10 मिलिग्रॅमवर यायची घाई झाली नसती. दुसऱ्याचं म्हणणं, डोस जास्त काळ वर ठेवला असता तर काठावरची साखर पार गेली असती. दोन्ही मतांत तथ्य आहे. पुढच्या अशा रुग्णाला सोनोग्राफी करायचं ठरलं आहे.

बारा पाकिटं पूर्ण झाली. औषध संपल्यावरही मज्जादाह येऊ शकतो, म्हणून पुढची दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ताई येणार आहेत. त्यात दरवेळी डाव्या गुडघ्याची मज्जा, पावलाची ताकद आणि तळपायाचा ओलावा पाहायचा आहे. हाताच्या गडबडीत पायाकडे त्यांचं स्वतःचं लक्ष कमी असतं, आणि खानावळीत त्या अजूनही अनवाणी वावरतात. मऊ तळाची चप्पल त्यांना दिली आहे. ती त्या मालकाच्या नियमामुळे दाराबाहेर काढून ठेवतात, त्यामुळे आतल्यासाठी वेगळा जोड मिळवून देण्याचं काम तंत्रज्ञांकडे आहे.